अंगी लागणारे अन्न

स्वादुपिंडाच्या कर्करोगात रुग्ण केवळ जेवण तुटल्याने खंगत नाही. जेवलेलेही अंगी लागत नाही. गाठीने नलिका दाबली की पाचकरस आतड्यात पोहोचत नाहीत आणि स्निग्धांश न पचताच बाहेर पडतो. त्यात दर 14 दिवसांनी फॉलफिरिनॉक्सची केमो. वजनाच्या दर किलोमागे रोज 25 ते 30 किलोकॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हे उद्दिष्ट प्रत्येक आहारतज्ज्ञाला पाठ असते. अडते ते फोनवर सल्ला देताना.

मुंबईत केमो घेऊन गावी परतलेल्या रुग्णाच्या घरी फोन बहुधा सून उचलते. ‘जेवण बरं आहे, पोट तेवढं बिघडलंय,’ एवढेच कळते. हे बिघडणे केमोतल्या इरिनोटेकॅन या औषधामुळे असेल तर शौच पाण्यासारखे होते आणि जुलाबाचे औषध लागते. न पचलेल्या स्निग्धांशामुळे असेल तर ते फिकट, तेलकट, उग्र वासाचे असते, पाणी ओतले तरी भांड्याला चिकटून राहते. तिथे पाचकरसांऐवजी दिलेल्या एन्झाइमची मात्रा तपासावी लागते. कधी दोन्ही एकत्र असतात. सासऱ्यांच्या शौचाचा रंग सुनेने सांगायचा कसा? म्हणून फोन रुग्णाच्याच हाती द्यायला सांगून, आडपडदा न ठेवता विचारावे लागते.

एन्झाइमची कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर हवी. जेवण लांबले तर मात्रा विभागून. अनेक घरांत ती इतर गोळ्यांसोबत जेवणानंतर घेतली जाते आणि तिचा परिणाम कमी होतो. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, हे शाकाहारी आणि मुस्लिम कुटुंबांना आधीच सांगायला हवे. लपवणे हा विश्वासघात आहे.

सर्वांना एकच छापील तक्ता देणारे सल्लागार आणि ‘तेल-तूप बंद’ सांगणारे हितचिंतक या रुग्णांचे मोठे नुकसान करतात. मऊ खिचडीवरचे तूप काढण्याआधी कॅप्सूल कधी आणि किती घेतली, हे विचारावे.

या कामातली सर्वांत चिवट फुशारकी वजनाच्या आकड्याची. दोन किलो वाढले की श्रेय घ्यावेसे वाटतेच. पण पोटात आणि पायांत साठलेले पाणीही काट्यावर भरते. व्हिडिओवर घोट्याजवळ बोट दाबून खळगा राहतो का ते पाहावे, दंडावरची बाही सैल झाली का ते विचारावे.

ताप, सततच्या उलट्या, कावीळ किंवा न थांबणारे जुलाब असतील तर फोनवरचा सल्ला तिथेच थांबवून रुग्णाला रुग्णालयात न्यावे.