ध्येय बदलणे म्हणजे हरणे नव्हे

दरवर्षी नीटचा निकाल लागला की माझ्या ओपीडीत अठरा ते एकवीस वयाची काही मुले-मुली येतात. डोके दुखते, पोटात जळजळ होते, झोप लागत नाही, भूक मेली आहे. रक्ततपासणी, थायरॉईड, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल. "सध्या काय करतोस?" असे विचारले की मुलगा खाली बघतो आणि आई सांगते, "परत नीट देतोय, डॉक्टर. तिसऱ्यांदा."

अशा मुलांना मी आधी एक साधा हिशेब दाखवतो. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले. त्या वर्षी एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, सव्वा लाखापेक्षा कमी होत्या. म्हणजे साधारण वीस जणांमागे एक जागा. उरलेले एकोणीस जण आळशी किंवा मठ्ठ असतात, असे नाही.

ही परीक्षा कितीही वेळा देता येते. २०२२ पासून वयाची कमाल अटही नाही. त्यामुळे कुठे थांबायचे, हे घरातच ठरवावे लागते.

कार्स्टन व्रॉश या मानसशास्त्रज्ञांनी आवाक्याबाहेर गेलेल्या ध्येयांचे माणसे काय करतात, याचा बराच अभ्यास केला आहे. यात दोन वेगळ्या क्षमता लागतात, असे ते मांडतात. एक, जुने ध्येय सोडता येणे. दुसरी, नवे ध्येय धरता येणे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात किशोरवयीन मुलींची वर्षभर पाहणी केली होती. ज्यांना अशक्य ध्येय सोडणे जड जात होते, त्यांच्या रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह दाखवणारा घटक, वाढत गेलेला दिसला. गट लहान होता, त्यामुळे यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण मनाचा हट्ट शरीरालाही सोसावा लागतो, हे मी रोज पाहतो.

मग पुन्हा परीक्षा द्यावी की नाही? स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. मागच्या खेपेपेक्षा गुण खरोखर वाढले का?
२. या वेळी अभ्यासाची पद्धत बदलणार आहे, की तेच पुन्हा?
३. झोप, जेवण, मित्र टिकून आहेत का?
४. हे मला हवे आहे, की घरच्यांना?

बहुतेक उत्तरे 'नाही' अशी आली, किंवा चौथ्याचे उत्तर 'घरच्यांना' असेल, तर थांबण्याचा विचार करा.

थांबताना हात रिकामे ठेवू नका. 'डॉक्टर व्हायचे' यामागे नेमके काय होते, ते कागदावर लिहा. माणसांची सेवा? नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री आहे. जीवशास्त्राची आवड? मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आहे. फक्त मान हवा होता? तर तेही प्रामाणिकपणे लिहा, कारण केवळ मानासाठी निवडलेले काम पुढे चाळीस वर्षे ओढणे कठीण जाते.

पालकांनो, मुलाला थोडे दिवस दुःख करू द्या. "एवढे पैसे घातले" आणि "अमक्याचा मुलगा बघ" ही दोन वाक्ये टाळा. आर्थिक बाब बोलायचीच असेल, तर पुढच्या वर्षाचा खर्च किती झेपेल, ते सरळ सांगा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक बिघडणे, कशातच रस नसणे असे दिसले, तर डॉक्टरांना दाखवा. "जगून काय उपयोग" असे शब्द आले, तर दोन आठवडे थांबू नका. मुलाला एकटे सोडू नका आणि लगेच मदत घ्या. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येते.

परीक्षा पुढच्या वर्षीही असेल. ती द्यायची की नाही, हे मुलाला विचारून ठरवा. आणि त्याचे उत्तर 'नाही' असले, तर ते शांतपणे ऐकून घ्या.