कंटाळलेला आणि कंटाळवाणा

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. पवित्र मिस्सा आटोपल्यावर आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहात मराठी शाळेतील मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेत असतो. त्या दिवशी बाहेर कौलांवर पावसाचा एकच गजर चालला होता आणि आत आमचे व्याकरण चालले होते. सातवीतील एक मुलगा खिडकीकडे पाहत बसलेला दिसला. "का रे, लक्ष कोठे आहे?" असे आम्ही विचारताच तो उठला आणि मोठ्या धैर्याने इंग्रजीत म्हणाला, "फादर, आय ॲम बोअरिंग."

मला कंटाळा आला आहे, असे त्यास सांगावयाचे होते. सांगून बसला तो की, मी कंटाळवाणा आहे! आम्हांस हसू आवरले नाही. गुरूच हसला म्हटल्यावर वर्ग कशाला मागे राहतो? मुलगा मान खाली घालून बसला. पुढील तीन रविवार तो मिस्सेला आला, परंतु वर्गास आला नाही. चौथ्या रविवारी त्याची आई चर्चच्या पायरीवर भेटली. "फादर, त्याला इंग्रजी जमायचं नाही म्हणतोय. राहू दे आता," एवढेच ती म्हणाली. त्या माउलीच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते शब्द आमच्या जिव्हारी लागले.

चूक कोणाची, याचा आम्ही त्या रात्री शांतपणे विचार केला. आपल्या मराठीत भावना माणसाकडे पाहुण्यासारख्या येतात. मला कंटाळा येतो, मला राग येतो, मला भीती वाटते. येणारा तो कंटाळा. मी केवळ यजमान. इंग्रजीत मात्र ते विशेषण माणसास स्वतःच अंगावर घ्यावे लागते, आणि एकाच क्रियापदापासून अशी दोन विशेषणे निघतात. ज्याच्या शेवटी 'इंग' ते भावना उत्पन्न करणाऱ्याचे; ज्याच्या शेवटी 'एड' ते ती भावना ज्याच्या मनात उत्पन्न झाली त्याचे. प्रवचन बोअरिंग, तर ऐकणारा बोअर्ड. चढण टायरिंग, तर चढणारा टायर्ड. मराठीतही थकवणारा आणि थकलेला, कंटाळवाणा आणि कंटाळलेला असा भेद आहेच. परंतु रोजच्या बोलण्यात आपण 'कंटाळा आला' म्हणून मोकळे होतो. तेव्हा त्या मुलाची चूक आळसाची नव्हती. त्याची मायबोली त्यास ज्या वाटेने नेत आली, त्या वाटेने तो गेला होता.

हा नियम आम्ही फळ्यावर दोनदा लिहिला होता आणि मुलांनी तो वहीत उतरवूनही घेतला होता. परंतु वहीतील नियम आपोआप जिभेवर येत नाही. पोहण्याचे नियम पाठ करून कोणी नदी पार केल्याचे ऐकिवात नाही. म्हणून आम्ही फळा बाजूस सारून खेळ मांडले.

पहिला खेळ मुक्या अभिनयाचा. एका मुलाने चिठ्ठी उचलावयाची आणि तीत लिहिलेली भावना न बोलता करून दाखवावयाची. इतरांनी विचारावयाचे, "आर यू टायर्ड? आर यू फ्रायटन्ड?" ओळखले की त्याने कारण सांगावयाचे, "द रोड वॉज टायरिंग." अशा रीतीने एकाच डावात दोन्ही रूपे तोंडात बसतात.

दुसरा खेळ चेंडूचा. एकाने "द स्टोरी इज इंटरेस्टिंग" असे म्हणून चेंडू टाकावयाचा. झेलणाऱ्याने "आय ॲम इंटरेस्टेड इन द स्टोरी" असे उलटवून तो पुढे टाकावयाचा. 'इंटरेस्टेड' पुढे 'इन' आणि 'टायर्ड' पुढे 'ऑफ' ही शब्दयोगी अव्ययेही त्यातच अंगवळणी पडतात. उच्चारही सुधारतो. मुले अक्षरे पाहून 'टायरेड' म्हणत. ऐकूनऐकून त्यांस कळले की तेथे केवळ 'ड' उमटतो, 'शॉक्ट' मध्ये तो 'ट' होतो, आणि मुळातच शेवटी 'ट' किंवा 'ड' असेल तेव्हाच 'एक्सायटिड' असा 'इड' ऐकू येतो.

तिसरा खेळ लाजविणाऱ्या प्रसंगाचा. प्रत्येकाने आपली फजिती दोन-चार वाक्यांत सांगावयाची आणि ती खरी की खोटी हे इतरांनी प्रश्न विचारून ओळखावयाचे. मुले बोलतात ती या खेळात. कारण येथे वाक्य व्याकरणासाठी जुळवावयाचे नसते. सांगण्यासारखे काहीतरी असते म्हणून बोलावयाचे असते.

खेळांसाठी आम्ही जोड्या लावल्या. ती कल्पना पवित्र शास्त्रातील. आपण जड जिभेचे आहो, असे मोशेने सांगितले तेव्हा परमेश्वराने त्याचे हसे केले नाही; बोलण्यासाठी अहरोन सोबतीला दिला. एक अडला की दुसऱ्याने शब्द पुरवावयाचा, हसावयाचे मात्र नाही, हा आमच्या वर्गाचा नियम झाला. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. त्या सदतीस वर्षांच्या आरंभी त्यांच्याही तोंडून वेडेवाकडे शब्द गेलेच असतील. ऐकणाऱ्यांनी त्यांस हसून गप्प बसविले असते, तर केवढ्या ठेव्याला आपण मुकलो असतो!

हे सर्व झाले. परंतु ज्याच्यामुळे हे सुचले तो मुलगा वर्गात नव्हता. एके सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो गोठ्यात वैरण टाकीत होता. "बाळ, तुझी चूक एका शब्दाच्या शेपटाची होती, आमची त्याहून मोठी," आम्ही म्हणालो. "आम्ही हसलो, ते चुकले. क्षमा कर." तो काही बोलला नाही. पापनिवेदनाच्या आसनावर बसून इतरांचे अपराध ऐकणाऱ्यास स्वतःचा अपराध एका मुलापुढे सांगणे किती जड जाते, ते त्या दिवशी आम्हांस कळले.

पुढच्या रविवारी तो येऊन मागच्या बाकावर बसला. दोन आठवडे केवळ चेंडू झेलत राहिला. तिसऱ्या रविवारी फजितीच्या खेळात आपण होऊन उठला आणि अडखळत इंग्रजीत म्हणाला, "एव्हरीबडी लाफ्ड. आय वॉज एम्बॅरस्ट. देन फादर केम टू माय हाऊस. आय वॉज सरप्राइज्ड." खरी की खोटी, हे विचारण्याचे कोणास भान राहिले नाही. क्षणभर थांबून, आमच्याकडे चोरून पाहत तो पुढे म्हणाला, "दॅट डे आय वॉज बोअर्ड, बिकॉज द क्लास वॉज बोअरिंग."

सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि या वेळी सर्वांत मोठ्याने तोच हसला.

आईबापांस आमची एवढीच विनंती. जपमाळ आटोपून ताटे वाढीपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, त्यात मुलांस आज काय टायरिंग वाटले, काय इंटरेस्टिंग वाटले, हे विचारीत जा. आपणांस इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. मुलेच आपणांस शिकवतील. ती चुकली तर चुकू द्यावीत. चुकलेला शब्द उद्या सुधारता येतो. हसण्याने मिटलेले तोंड उघडावयास फार दिवस लागतात.