एका पगाराचं बिऱ्हाड

आमच्या घराण्याला बिऱ्हाड हलवायची जुनी सवय. आजोबा रेवदंड्याहून मुंबईला आले, ते डोंगरीच्या एका खोलीत. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझी आत्या, 1960 च्या दशकात नवरा आणि तीन मुलं घेऊन इस्राएलला गेली, ती थेट दिमोनाला. आणि 2019 च्या सप्टेंबरात मी, माझे यजमान आणि आमची दोन मुलं ठाण्याहून जर्मनीत ऑग्सबर्गला आलो. तिन्ही वेळा कमावणारा माणूस एकच होता. आजोबांना गिरणीचा पगार, आत्याच्या यजमानांना कापड कारखान्याचा, आणि आमच्याकडे यजमानांचा इंजिनिअरचा.

हल्ली आपल्यातली पुष्कळ तरुण मंडळी जर्मनीला निघाली आहेत. त्यांचे आईबाप मला फोनवर विचारतात, "अगं, एका पगारात चार माणसांचं भागतं का तिथं?" म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. आजी-आजोबांनी वाचावं आणि नातवंडांना वाचून दाखवावं.

यजमानांची नोकरी म्युनिकला. पण म्युनिकची घरभाडी जर्मनीत सगळ्यांत महाग. पगाराचा निम्मा भाग भाड्यात घालून खायचं काय? म्हणून साठेक किलोमीटरवरच्या ऑग्सबर्गला राहायचं ठरवलं. आगगाडीने पाऊण तासाचा प्रवास. कर्जत-कल्याणहून मुंबईला जाणाऱ्यांना तो काय वाटणार!

इथे भाड्याचे दोन आकडे असतात. एक 'काल्टमीटे', म्हणजे थंड भाडं, नुसत्या घराचं. दुसरं 'वार्ममीटे', म्हणजे त्यात घर तापवणं, पाणी, कचरा हे सगळं धरून. आमचं थंड भाडं 800 युरो, वरचा खर्च 220. घर घेताना अनामत द्यावी लागते, पण कायद्याने ती तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. हे आधी वाचून ठेवलं होतं, म्हणून 2,400 युरो एकदम द्यायची पाळी आली नाही.

घराचं दार उघडलं तर आत स्वयंपाकघरच नाही! ओटा नाही, बेसिन नाही, दिवेसुद्धा नाहीत. भिंतीतून नुसते नळाचे पाइप नि वायरी बाहेर आलेल्या. इथली पद्धतच तशी, भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर सोडवून घेऊन जातो. गाव सोडून निघालेल्या एका कुटुंबाकडून आम्ही जुनं स्वयंपाकघर 300 युरोंत घेतलं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने हत्यारं आणली आणि दोन शनिवार-रविवार खपून ते बसवून दिलं. तोवर विजेच्या एका शेगडीवर खिचडी.

आता मिळकत सांगते. करकपातीनंतर हातात सुमारे 2,800 युरो यायचे. नवरा कमावतो आणि बायको घरी असते तेव्हा नवऱ्याला तिसरा करवर्ग घेता येतो, त्यात दरमहा कर कमी कापला जातो. सरकारी आरोग्यविम्यात बिनकमाईची बायको आणि मुलं वेगळे पैसे न भरता धरली जातात. शाळेला फी नाही. शिवाय सरकार दर मुलामागे 'किंडरगेल्ड' देतं. आम्ही आलो तेव्हा ते महिना 204 युरो होतं, 2023 पासून 250 झालं, 2025 मध्ये 255. म्हणजे दोन मुलांचे 408 धरून महिन्याला 3,200 च्या आसपास. त्यातून भाडं, वीज, रेल्वेचा पास, धाकट्याच्या पाळणाघराचे पैसे, किराणा आणि ठाण्याला सासूबाईंच्या औषधांचे पैसे.

खरी भीती महागाईची नव्हती. नव्या नोकरीत पहिले सहा महिने परीक्षेचे. त्या काळात मालक दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतो. आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. दुसरा पगार असता तर रात्री झोप लागली असती. फेब्रुवारी 2020 अखेर ते सहा महिने पुरे झाले. त्या दिवशी मी शिरा केला. आणि तीन आठवड्यांनी, 21 मार्चला, करोनामुळे बव्हेरिया राज्य बंद झालं.

एप्रिलपासून यजमानांचं काम निम्म्यावर आलं. जर्मनीत अशा वेळी माणसाला काढून न टाकता त्याचे तास कमी करतात, त्याला 'कुर्त्सआर्बाइट' म्हणतात. बुडालेल्या निव्वळ पगाराचा 60 टक्के भाग सरकारच्या बेकारी विम्यातून मिळतो, घरात मूल असेल तर 67 टक्के. आमचा हिशेब असा: निम्मा पगार 1,400, आणि बुडालेल्या 1,400 चे 67 टक्के म्हणजे सुमारे 940. एकूण 2,340. महिन्याला 460 युरो कमी. त्या एप्रिलात देशात साठेक लाख लोक असे कमी तासांवर होते. आपण एकटे नाही एवढाच काय तो धीर.

त्या आठवड्यात आत्याचा फोन आला. ती तेव्हा ऐंशीच्या पुढची. मी रडवेली झाले होते. ती म्हणाली, "रडून पीठ वाढत नाही गं. वही काढ. उजव्या पानावर जे टळणार नाही ते लिही, डाव्या पानावर जे टळेल ते. आणि मुलांपासून लपवू नकोस, त्यांनाही लिहायला बसव." दिमोनाला तिने असंच केलं होतं.

आम्ही वही काढली. उजवीकडे भाडं, वीज, पाळणाघर, सासूबाईंची औषधं. डावीकडे पोहे, कारण इथे ते परदेशी वस्तूंच्या दुकानात मिळतात नि महाग पडतात, बाहेरचं खाणं, नवे कपडे. तुर्की दुकानातून मसूर, छोले, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या आणायच्या. मोड आलेले मूग घरीच करायचे. पाच वर्षांच्या लेकीने आपल्या हाताने वहीत 'बाटल्या' असं लिहिलं. इथे प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. बालमित्रांनो, आमच्या घरी ते खातं तिच्याकडे होतं आणि ती एक सेंटही चुकू देत नसे.

सप्टेंबरात ती पहिलीत गेली. पहिल्या दिवशी जर्मन मुलं हातात पुठ्ठ्याचा एक मोठा शंकू धरून शाळेत जातात. त्यात खाऊ, पेन्सिली, खेळणी असतात. त्याला 'शुलट्यूटे' म्हणतात. दुकानात तो महाग. आम्ही घरी केला, वर माझ्या जुन्या जरीच्या साडीचा काठ लावला. शाळेत बायका विचारत होत्या, हा कुठे मिळाला! त्याच सुमाराला सरकारने दर मुलामागे 300 युरो जादा दिले, दोन हप्त्यांत. ते आम्ही हिवाळ्याच्या बुटांना नि जाड कोटांना ठेवले. पुढे वर्षाअखेरीला कामाचे तास पूर्ववत झाले.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. ठाण्याला मी दहा वर्षं शाळेत शिकवत होते. इथे अर्जात व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं, असा प्रश्न पडला. भाषा येत नाही, पदवी इथे जशीच्या तशी चालत नाही. बँकेत, दवाखान्यात सगळे यजमानांकडे बघून बोलायचे. पगार आणत नाही त्या माणसाला घरात कुणी बोललं नाही तरी मनात टोचतं. एकदा यजमानांनी वहीत एक नवं पान केलं. त्यावर लिहिलं, रोजचा डबा, मुलांचं पाळणं, शिवण, जर्मन पत्रं वाचणं, आणि प्रत्येकापुढे बाजारात पडतील तेवढे पैसे. बेरीज केली नाही. म्हणाले, "एवढा माझा पगार नाही." ते पान मी जपून ठेवलं आहे.

मी गावच्या लोकविद्यापीठात जर्मन शिकले. 2023 मध्ये शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळण्याच्या केंद्रात मला अर्धा दिवस काम मिळालं. नवरा तिसऱ्या करवर्गात असला की बायको पाचव्यात जाते आणि तिच्या पगारातून कर फार कापला जातो. पहिली चिठ्ठी बघून पुष्कळ बायका काम सोडतात. पण वर्षाअखेर दोघांचा एकत्र हिशेब होतो, तेव्हा वर्षाचा कर करवर्ग कोणताही असला तरी तेवढाच येतो. हे समजून घ्यावं. शिवाय त्याच वर्षी मे महिन्यापासून साऱ्या देशात महिना 49 युरोंचं रेल्वे-बसचं तिकीट सुरू झालं, त्याने यजमानांचा पास स्वस्त झाला. पुढे दर वाढला, 2025 मध्ये 58 झाला, तरी आम्हाला परवडतो.

बालमित्रांनो, तुम्हाला आमच्या गावाची एक गंमत सांगते. इथे फुगेराय नावाची एक वस्ती आहे. याकोब फुगर या फार श्रीमंत सावकाराने ती 1521 मध्ये गरजू गावकऱ्यांसाठी बांधली. तिथलं वर्षाचं भाडं तेव्हा एक गुल्डन होतं, आजही तेवढंच, म्हणजे 88 सेंट! अट अशी की कॅथलिक असावं आणि रोज तीन प्रार्थना म्हणाव्या. संगीतकार मोत्सार्टचे पणजोबा तिथे राहत. माझ्या लेकीने वहीत लगेच हिशेब केला, आपल्या एका महिन्याच्या थंड भाड्यात तिथे नऊशेहून जास्त वर्षं राहता येईल. गावात दोरीच्या बाहुल्यांचं नाट्यगृहही आहे, 1948 पासूनचं.

आजी-आजोबा एक प्रश्न हळूच विचारतात, "जर्मनीत आपल्या माणसाने राहावं का?" याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. इथलं सिनेगॉग 1917 सालचं. नोव्हेंबर 1938 मध्ये आत आग लावली गेली, पण शेजारच्या पेट्रोलपंपाला धोका म्हणून ती विझवली, आणि 1985 मध्ये ते पुन्हा उघडलं. आज तिथे बहुतेक मंडळी रशियन बोलणारी. तीही बिऱ्हाड उचलून आलेली. पहिल्या भेटीत एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, "घर मिळालं का?" जेवलीस का, कुठून आलीस, हे सगळं त्यानंतर.

निघणाऱ्या मुलांना एवढंच सांगा. सहा महिने बसून खाता येईल एवढी शिल्लक घेऊन निघा. नोकरीच्या गावाला चिकटून न राहता रेल्वेच्या रुळाजवळ घर शोधा. कायदा आधी वाचा. जी घरी राहणार आहे तिने पहिल्या महिन्यापासून भाषा शिकावी, तो खर्च उजव्या पानावर लिहावा. आणि वही दोघांनी मिळून लिहावी.

आत्या गेल्या वर्षी वारली. तिच्या मुलाने दिमोनाहून तिच्या दोन वह्या मला पाठवल्या. एकीत पहिल्या पानावर उजवीकडे भाडं, ब्रेड, रॉकेल असं मराठीत लिहिलं आहे, आणि डावीकडे एकच शब्द: पोहे.