विश्रामबागेतील नगरपालिका

इटली देशातील सिएना या जुन्या शहरी नगरसभेचा जो प्रासाद आहे, तो पाहून आलेले लोक बहुधा त्याच्या उंच मनोऱ्याविषयी बोलतात. आमच्या मनात मात्र तेथील एक दालन राहिले आहे. चौदाव्या शतकात त्या नगरराज्याचा कारभार नऊ नागरिकांच्या मंडळाकडे असे. मंडळाची मुदत अवघी दोन महिन्यांची; आणि त्या दोन महिन्यांत या नऊ जणांनी प्रासादातच मुक्काम करावा, सणावारांखेरीज बाहेर पडू नये, असा दंडक होता. ज्या दालनात त्यांची बैठक भरे, त्याच्या भिंतींवर अंब्रोजिओ लोरेंझेत्ती या चित्रकाराकडून १३३८-३९ साली त्यांनी चित्रे काढवून घेतली. एकीकडे सुराज्य: घर बांधणारे गवंडी, उघडी दुकाने, नाचगाण्यात रमलेली मंडळी, तटाबाहेर पिकलेली शेते. दुसरीकडे कुराज्य: शिंगे फुटलेला जुलमी सत्ताधीश, त्याच्या पायाशी बांधून टाकलेली न्यायदेवता, ओसाड गावे. ठराव करताना मान वर केली की दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या.

आम्ही राहतो चिंचवडास. या पट्ट्यात जुनी वास्तू म्हणून पाहुण्यास दाखवायची तर चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेशी फिरंगोजी नरसाळ्याने जो लढविला, तोच. किंवा मग आमच्या चिंचवडातील देवांचा मंगलमूर्ती वाडा. एक वास्तू लढाईची, दुसरी देवाची. नगराची म्हणावी अशी एकही नाही. यात नवल नाही, कारण नगरच मुळी नवे. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना निघाला, पाठोपाठ इतर आले, आणि शेतांतून चिमण्या उभ्या राहिल्या. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून नवनगरपालिका स्थापन झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. तिची कचेरी पिंपरीस, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आहे. इमारत सोयीची आहे. तिच्याविषयी याहून अधिक काही बोलावे असे आम्हांस कधी वाटलेले नाही.

या कचेरीसमोरच मेट्रो रेल्वेचे स्थानक आहे, आणि त्यास नावही महानगरपालिकेचेच. तेथून गाडीत बसून मंडईच्या भूमिगत स्थानकावर उतरले की थोड्या अंतरावर विश्रामबागवाडा. पुण्याची नगरपालिका १९३० नंतर सुमारे तीन दशके या वाड्यात होती. १९५० साली तिची महानगरपालिका झाली तीही येथेच असताना. एका नगरगृहाच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारी पोचविणारा हा लोहमार्ग आखणाऱ्यांच्या मनात अर्थात असे काही नसणार. तरीही एका रविवारी आम्ही त्या वाटेने गेलो तो हेच मनात धरून.

वाड्याची रस्त्याकडची बाजू प्रथम पाहावी. सागवानी सुरूदार खांब, त्यांवरील केळफुलांची नक्षी, आणि वर रस्त्यावर ओठंगलेला लांबच लांब सज्जा. आम्ही पुष्कळ वेळ समोरच्या पदपथावर उभे होतो. गर्दीतून धक्के बसत होते. पण या वाड्यात एक गोष्ट नाही, ती दुरूनच ध्यानात येते. त्यास तट नाही. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली थोरल्या बाजीरावाने घातला. त्यास पुढे तट आला, बुरूज आले, दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आले. शत्रू येईल, ही धास्ती त्या बांधणीत आहे. नातवाचा वाडा मात्र रस्त्याकडे तोंड करून निर्धास्त बसला आहे. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह करून दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. त्यानंतरच्याच वर्षांत, १८०७ च्या सुमारास, हा वाडा उभा राहिला. खर्च दोन लक्ष रुपये झाला असे सांगतात. राज्य राखण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविल्यावर धन्याला उरतो तो विश्राम, आणि नावही तेच पडले! कोणी म्हणेल, हा दोष वाड्यास का लावावा? लावीत नाही. सुताराने आपले काम चोख केले आहे. त्याच्या धन्याविषयी तसे म्हणवत नाही, इतकेच.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. पुढे जे घडले त्यात आमचे मन अधिक गुंतले. १८२१ साली कमिशनर चॅप्लिनच्या कारकिर्दीत याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिचा खर्च पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून चाले, आणि आरंभी तिचे दार ब्राह्मणांच्या मुलांनाच उघडे होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याच पाठशाळेचे विद्यार्थी. त्याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज आणि त्यातून डेक्कन कॉलेज निघाले. मग आली १८७९ च्या मे महिन्यातील आग. त्या आगीत बुधवारवाडा बेचिराख झाला आणि विश्रामबागेचा पूर्वेकडील भाग जळाला. सरकारी पुस्तकभांडारातील अफरातफर झाकण्यासाठी आतल्याच माणसाने ती लावली, हे पुढे उघड झाले. पण तोपर्यंत संशयाची नजर महादेव गोविंद रानड्यांपर्यंत पोचली होती आणि त्यांची बदली धुळ्यास झाली होती. सरकारचे धाबे किती दणाणले होते, हे यावरून दिसते. जळालेला भाग पुन्हा उभा राहिला तो नागरिकांनी आणि नगरपालिकेने घातलेल्या पैशातून. हा वाडा पुण्याचा झाला तो आमच्या मते तेव्हाच. १९३० नंतर कचेरी आली तेव्हा नव्हे.

त्या आगीनंतरच्याच वर्षी, १८८० साली, गव्हर्नर जनरल लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागताच्या शोभेसाठी एक हजार रुपये खर्चावे, असा विचार नगरपालिकेत निघाला. बत्तीस सभासद, त्यांपैकी विरोधास उभे राहिले एकटे जोतीराव फुले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घालावा, असे त्यांचे म्हणणे. ते अर्थातच पडले. तेव्हा नगरपालिका विश्रामबागेत नव्हती. पण ती येथे आल्यानंतरच्या दशकात, आचार्य अत्रे सभासद असताना, रे साहेबांच्या नावाच्या मंडईस महात्मा फुल्यांचे नाव देण्याचे ठरले. म्हणजे, ज्याच्या दक्षिणेवर एका जातीची पाठशाळा चालली त्या पेशव्याच्या घरात नगरपालिका नांदत असताना, एके काळी एकट्या पडलेल्या माळ्याच्या मुलाचे नाव शहराच्या बाजारावर चढले. सिएनाच्या भिंतीवरील चित्रे थोर आहेत. पण हा बदल कोणी भिंतीवर रंगविलेला नाही. तो करण्यासाठी सभासदांना हात वर करावे लागले.

आत चौकात एक वृद्ध गृहस्थ भेटले. सदाशिव पेठेतले. आम्ही कोठून आलो हे त्यांनी विचारले, आणि उत्तर ऐकून म्हणाले, "चिंचवडहून? म्हणजे परगावाहूनच की!" पुणेकराने हे म्हणावेच, त्याचा आम्हांस राग आला नाही. मग त्यांनी सांगितले, "आमचे वडील घरपट्टी भरायला इथं यायचे. रांग मोठी असायची. मी त्या खांबाला मिठी मारून उभा. हात पुरायचे नाहीत." आम्ही विचारले, "आणि आता?" ते हसले. "आता पट्टी नातू भरतो. मोबाईलवर. खांब तेवढा बघायला येतो मी."

आम्हीही घरपट्टी मोबाईलवरच भरतो, आणि त्यात वेळ वाचतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसास सभागृहातील आवाज ऐकू येत असत, सभासद जिन्यात गाठता येत असे, आपल्या पैशाने कोणाचे घर चालते ते दिसत असे. आता कचेरी नसली तरी काम अडत नाही. आणि काही वर्षे सभाही नव्हती! २०२२ च्या मार्चात पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरपालिकांच्या सभासदांची मुदत संपली. निवडणुका न्यायालयीन वादांत अडकल्या, आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकांनी एकट्याने कारभार पाहिला. रस्ते झाडले जात होते, नळास पाणी येत होते. आमच्या वर्गात आम्ही एकदा सहज विचारले, तुमच्या प्रभागाचा सभासद कोण? एका मुलाने जुने नाव सांगितले, बाकीचे गप्प. सभासदच नाही, हे कोणाच्याच तोंडून आले नाही. मुले हुशार आहेत. त्यांच्या घरी या चार वर्षांत तो विषय निघाला नसेल, एवढाच त्याचा अर्थ. प्रशासक वाईट होते असा आमचा आक्षेप नाही. पण हजार रुपयांच्या खर्चास नको म्हणायला एकटा का होईना, कोणी उभा राहू शकेल, अशी जागाच त्या काळात शहरात नव्हती. तैनाती फौजेच्या भरवशावर वाड्यातील दिवस सुखाचे जातात, हे बाजीरावाच्या सज्जाखाली उभे राहिलेल्यास वेगळे सांगावे लागत नाही.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, आणि पिंपरीच्या सभागृहातील एकशे अठ्ठावीस जागा पुन्हा भरल्या. त्या सभागृहास मधुकरराव पवळे यांचे नाव आहे. तेथे लोरेंझेत्तीची चित्रे नाहीत, सुरूदार खांबही नाहीत. येत्या सर्वसाधारण सभेची तारीख आम्ही वर्तमानपत्रातून टिपून ठेवली आहे, आणि वर्गातील चार मुलांनी बरोबर येण्याचे कबूल केले आहे. त्यांपैकी एकाने विचारले, "सर, आत सोडतात का आपल्याला?"