उंबराची फांदी



खोडदच्या आमच्या घरामागे एक उंबर आहे. गच्चीवर गेलं की त्याच्या शेंड्यापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. उंबराचं फळ आपल्याला अभक्ष्य. आत बारीक जीव असतात म्हणून पाचही उदुंबरांचा त्याग लहानपणीच शिकवतात. त्यामुळे या झाडाशी माझं नातं एवढंच, की रोज सकाळी अंगणातला फळांचा सडा झाडायचा.

मागच्या वैशाखात पत्र्यावर आलेली मोठी फांदी तोडायला माणूस बोलावला. शेजारच्या काकू धावत आल्या. "वहिनी, दत्ताचं झाड ते, कुऱ्हाड लावू नका."

"आम्ही झाडाला देव मानत नाही, काकू," मी हसून म्हटलं. मिथ्यात्वावर ऐकलेली सगळी प्रवचनं डोक्यात होती. तो माणूसही "माझ्या हातून नको" म्हणून निघून गेला. मी दुसरा बोलावला. फांदी पडली, तिच्यासोबत बुलबुलाचं घरटंही. आत दोन पिल्लं होती.

संध्याकाळी प्रतिक्रमणात वनस्पतिकायाचं नाव आलं आणि माझा आवाज फुटेना.

दिवाळीनंतर आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला गेलो. तिथल्या महादेव कोळी लोकांनी राखलेली देवराई पाहिली. भर दुपारी आत अंधार, पायाखाली पाचोळ्याची गादी. देवाच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, ही जुनी रीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा रायांचा अभ्यास केला. आफ्रिकेतही हेच आहे. नायजेरियात ओशुन देवीची राई आहे, केनियात मिजिकेंदा लोकांची 'काया' वनं आहेत. तिथेही पूर्वजांच्या आणि देवांच्या धाकानं कुऱ्हाड थांबली. युनेस्कोनं या दोन्हींना २००५ आणि २००८ मध्ये जागतिक वारसा म्हटलं.

आपण तर झाडाला एकेंद्रिय जीव मानतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही. तरी त्या दिवशी मला पत्रा मोठा वाटला, आणि काकूंना झाड.

मी आजही उंबराला हात जोडत नाही. पत्रा मात्र दोन हात अलीकडे घेतलाय. संवत्सरीला पहिली क्षमा काकूंची मागितली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला? त्याची मागा."

ती रोज सडा झाडताना मागते.

मिच्छामि दुक्कडम्.