आणखी एक हात

माणसांच्या दोन जाती असतात. एका जातीला वस्तू हातात आली की ती वापरावीशी वाटते. दुसरीला तिच्यावर कव्हर घालावंसं वाटतं. मी दुसऱ्या जातीतला. बी. कॉम. झाल्यावर थेट बँकेत चिकटलेला माणूस वेगळा कसा असणार? आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी असते आणि त्या पिशवीला रबर असतं.

म्हणून बारावी झालेल्या कन्येने बाल्सा लाकडाचं विमान जोडलं आणि ‘‘बाबा, आता याच्यावर फायबरग्लास चढवायचं,’’ असं जाहीर केलं, तेव्हा मला भरून आलं. पोरगी आपल्यावर गेली!

बाल्सा हे मोठं फसवं प्रकरण आहे. नखाने खूण उमटते, फुंकर मारली तर फळी टेबलावरून सरकते. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हे ‘कठीण लाकूड’! ही नोंद करणारा आमच्याच खात्यातला असावा. तरी त्याला हसू नये. 1947 साली थॉर हायरडाल आणि त्याचे पाच सोबती याच लाकडाच्या तराफ्यावर 101 दिवस पॅसिफिक महासागर कापत गेले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ विमानाच्या अंगातही प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्साच भरलेला होता. म्हणजे लाकूड गुणी आहे, फक्त कातडी नाजूक. म्हणून हे काचेचं कापड.

हे कापड इतकं तलम, की सौ.नी चहाचं गाळणं समजून ते उचललंच होतं. लाकूड घासून गुळगुळीत करायचं, धूळ पुसायची, कापड पंखावर अंथरून मऊ ब्रशने सुरकुत्या काढायच्या. मग रेझिन आणि हार्डनर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात ढवळून मधोमध ओतायचं आणि कडेकडे पसरत न्यायचं. पसरायला काय? जुनं एटीएम कार्ड! 31 डिसेंबर 2018 पर्यंत नुसत्या पट्टीची कार्डं जाऊन चिपची यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम होता. तेव्हा बाद झालेली माझी कार्डं मी जपून ठेवली होती. ‘‘कशाला हा कचरा?’’ असं विचारणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं.

आमच्या घोडेगावात या कामाचे दोन वैरी: ऊन आणि वारा. उन्हाळ्यात रेझिन ढवळून वाटीतच ठेवलं, तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि आपण ‘चष्मा कुठे ठेवला’ म्हणेपर्यंत वाटीसकट दगड होतं. पंखावर पातळ पसरलं, तर बेताने वाळतं. आणि वारा सुटला की कांदा मार्केटची टरफलं गावभर उडतात. त्यातलं एक ओल्या पंखावर येऊन बसलं. चिमट्याने काढताना कन्या म्हणाली, ‘‘बाबा, बघा, कांद्यालासुद्धा किती पातळ कव्हर पुरतं.’’ टोमणा मला होता, हे मला त्या क्षणी कळलं. पण हातात कार्ड होतं, बोललो नाही.

रेझिनचा पहिला हात कापड चिकटवायला. दुसरा, विणीतली भोकं बुजवायला. तो वाळला की पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचं, तोंडाला मास्क बांधून. काचेची धूळ अंगाला खाजवते आणि छातीला बरी नव्हे. घासल्यावर पंख असा तुकतुकीत झाला की मी म्हटलं, ‘‘आणखी एक हात देऊ या. मजबुती येईल.’’

कन्येने हिशेबच मांडला. पंख दीड मीटर लांब, पाव मीटर रुंद. वरची-खालची बाजू मिळून पाऊण चौरस मीटर. चौरस मीटरला 25 ग्रॅमचं कापड, म्हणजे झाले 19 ग्रॅम. त्यावर रेझिन साधारण तेवढंच बसावं. ‘‘पुढचा प्रत्येक हात म्हणजे नुसतं वजन. पडलं तर मोडणार नाही म्हणून इतकं जड करायचं, की उडणारच नाही?’’

कॉमर्सच्या माणसाला बेरजेने हरवणं हा शुद्ध अन्याय आहे. तिसरा हात रद्द झाला.

वास्तविक मला हे शिकवायला विमानाची गरज नव्हती. आमच्याच गावातून शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो. तिथे घरांना दारं-कुलपं न लावण्याची प्रथा. 2011 साली यूको बँकेने शाखा उघडली तीसुद्धा विनाकुलपाची! मी मात्र रोज घराचं कुलूप तीनदा ओढून पाहतो.

विमान उडालं. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर दोन फेऱ्या मारून उतरलं, थोडं खरचटलं. कन्येने तिथेच बोटाने चाचपून सांगितलं, ‘‘काही नाही झालं.’’

पुढच्याच आठवड्यात ती पुण्याला हॉस्टेलवर निघाली. सौ.नी लाडवांचे दोन डबे भरले. मी टॉर्च, छत्री, मच्छरदाणी, औषधांची पिशवी, दोन चादरी आणि अडल्यानडल्याला आणखी एक चादर ठेवली. एसटीत बॅग चढवायला कंडक्टर आणि मी असे दोघे लागलो. विमानाचा एकेक ग्रॅम मोजणारी पोरगी खिडकीतून नुसती बघत होती.

बॅगेचं वजन मात्र तिने विचारलं नाही.