लातूरचा समुद्र

नांदेडकराला समुद्र पाहावयाचा झाला, तर तो देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसतो आणि सकाळी मुंबईस उतरतो. ही आमच्याकडची पूर्वापार रीत. मी मात्र गेल्या मे महिन्यात समुद्र पाहावयास निघालो, तो लातूरच्या एस.टी.त बसून. घरून निघताना सौभाग्यवतींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या पिशवीकडे पाहिले.

"लातूरला समुद्र? तिथं 2016 साली प्यायचं पाणी रेल्वेनं आणलं होतं. विसरलात वाटतं!"

विसरलो नव्हतो. मराठवाड्यातला माणूस ते कसे विसरेल? पण ज्याने मला बोलावले होते, तो माझा जुना विद्यार्थी. नांदेडला बी.एस्सी. करीत असताना मराठीच्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसून वहीत किडे काढीत असे. आता तो लातुरात एका शिकवणीवर्गात जीवशास्त्र शिकवतो. त्याचा दूरध्वनी आला, "सर, घरी समुद्र केलाय. त्यात एक जनावर आहे. त्याची फिल्मही घेतलीय. पण मुलांना समजावून सांगायला मराठी शब्द सापडत नाहीत. शब्दांचं खातं तुमचं. तुम्ही या."

असे निमंत्रण मराठीच्या अध्यापकाला जन्मात एखाददुसऱ्या वेळीच येते. निघालो.

नांदेड-लातूर रस्ता तसा काही प्रवासवर्णनात शोभण्यासारखा नाही. लोहा गेले की दोन्ही बाजूंना काळी रिकामी रानेच रानें, मध्येच एखादे लिंबाचे झाड आणि त्याखाली सावलीच्या आकारात दाटून बसलेली जनावरे. वाटेत माळेगाव लागते. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, उंट, बैल, गाढवे यांनी माळ फुलून जातो. मे महिन्यात मात्र त्या माळावर उन्हाशिवाय कोणी नव्हते. सवयीने हात जोडले. पुढे अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. या मुलुखात समुद्राचा प्राणी कसा जगत असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना.

घर साधेच, तीन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी लोखंडी घोडीवर तीन फूट लांब, दीड फूट उंच आणि एक फूट रुंद अशी काचेची पेटी. त्यात सव्वाशे लिटरांपेक्षा थोडे कमी पाणी. तळाशी वाळू. एका कोपऱ्यात दगड आणि वाळूतून डोकावणारे नळाच्या पाइपाचे तोंड. रंगीत मासे नाहीत, पोवळी नाहीत. पोवळी आपल्या देशात 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. ती बाळगणे गुन्हा आहे, हे त्याने मला मी न विचारताच सांगितले.

विद्यार्थिदशेत मी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेली ती वास्तू. काचेला नाक लावून मी तिथे इतका वेळ उभा राहिलो, की मागच्या मंडळींनी मला हाताला धरून पुढे सरकवले. त्या मानाने ही पेटी म्हणजे अगदीच उजाड.

"काहीच नाही की रे यात!"

"आहे, सर. ते तुमच्याकडेच बघायलंय."

पाइपाच्या तोंडाशी दोन डोळे होते. देठावर बसवलेले आणि इंग्रजी टी अक्षरासारखे आडवे. एक डोळा माझ्याकडे वळला आणि दुसरा, त्याच्याशी काहीएक सल्लामसलत न करता, माझ्या विद्यार्थ्याकडे. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षण करताना मला असे डोळे असते, तर किती बरे झाले असते!

इंग्रजीत याला मँटिस श्रिंप म्हणतात. खरे म्हणजे हा प्रार्थना-कीटकही नव्हे आणि कोळंबीही नव्हे. खेकडे-कोळंब्यांचा हा दूरचा भाऊबंद, स्टोमॅटोपोडा नावाच्या निराळ्या गणातला. जगात याच्या चारशेंहून अधिक जाती आहेत आणि त्यांची ढोबळ घराणी दोन. एक सोटेवाल्यांचे, दुसरे भालेवाल्यांचे. सोटेवाले आपल्या पुढच्या अवयवाच्या गाठीने शंख-शिंपले फोडतात. भालेवाले चिखलात बीळ करून दबा धरतात आणि जवळून जाणारी मासोळी दातेरी भाल्याने टिपतात.

सोटेवाल्यांची कीर्ती जगभर झाली ती त्यांच्या ठोशामुळे. 2004 साली शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एका मोरपंखी रंगाच्या जातीचा ठोसा सेकंदाला पाच हजार चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने टिपला. वेग निघाला सेकंदाला 23 मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरांच्या वर. आमच्या एस.टी.ने लोह्यापासून चाकुरापर्यंत तो एकदाही गाठला नव्हता. हा वेग केवळ स्नायूंच्या जोरावर येत नाही. आधी सावकाश ताण साठवायचा, खिटी लावायची आणि मग ती एकदम सोडायची. गलोलीचेच तंत्र! ठोसा इतका जलद, की त्याच्यामागे पाण्यात पोकळीचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना भक्ष्याला दुसरा तडाखा बसतो. 1998 साली इंग्लंडातल्या ग्रेट यारमथच्या मत्स्यालयात अशा एका प्राण्याने पेटीची काच फोडल्याची बातमी गाजली होती. पाळणाऱ्यांनी त्याचे नाव टायसन ठेवले होते!

"मग तुझ्या काचेचं काय?" मी खुर्ची जरा मागे घेतली.

"हे भालेवालं आहे, सर. आणि आपल्या कोकणातलं."

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ते त्याला मिळाले होते. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर ही मंडळी फुकटात येतात. जाळे ओतले, की विकाऊ माल एकीकडे आणि ही दुसरीकडे. त्यांचे पुढे खत होते किंवा कोंबड्यांचे खाद्य. जपानात याच्याच एका भावाला सुशीवर मानाने बसवतात, पण आपल्याकडे याला भाव नाही. त्या टाकाऊ ढिगात हे एक पाय हलवताना दिसले. चार-पाच इंच लांब, मळकट राखी. झाकणाच्या बादलीत, बॅटरीवरच्या हवापंपासकट, रात्रभराचा प्रवास करून ते लातुरास आले.

"जगलं?"

तो क्षणभर गप्प राहिला. "पहिलं नाही जगलं, सर. चौथ्या दिवशी गेलं. दुपारी सहा तास वीज नव्हती, पाणी तापलं. मी वर्गावर होतो. हे दुसरं. याला आता आठ महिने झाले."

हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. टाकलेल्या ढिगातून आणले म्हणून आपल्या हातून मेलेले मोजायचे नाही, असे तो मानत नव्हता. मला ते बरे वाटले.

मग त्याने समुद्र कसा करतात ते सांगितले. लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ, तेही स्वयंपाकाचे नव्हे. समुद्रातली सगळी खनिजे असलेले खास मीठ. एकूण चार किलोंच्या वर. त्यानंतर महिना-दीड महिना पेटी रिकामी ठेवायची. जनावराच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो जाळ्यातल्या विषासारखा साचतो. त्याचा निचरा करणारे जीवाणू वाळूत आणि दगडांत आधी वस्तीला यावे लागतात.

एवढ्यात त्याच्या आई चहा घेऊन आल्या. "महिनाभर नुसतं पाणीच बघत बसला होता, सर. मी म्हटलं, पोराला काय झालं! लोकांची पोरं मोबाइल बघायलेत, हा पाणी बघायलाय."

"आणि आता, ताई?"

"आता मी बघायलेय!"

खरी मेख पाण्याचीच आहे. पेटीतले पाणी उडून जाते ते गोडे, मीठ मागेच राहते. रोजचे रोज तेवढेच गोडे पाणी घातले नाही, तर समुद्र अधिकाधिक खारट होत जातो आणि प्राणी मरतो. लातूरच्या मे महिन्यात पेटी थंड ठेवायची, तर पाण्यावर पंखा सोडावा लागतो. पंख्याने पाणी थंड होते, पण उडतेही दुप्पट. रोज दोन तांबे. तेही शुद्धीकरण यंत्रातले, आणि त्या यंत्रातून एक लिटर चांगले निघते तेव्हा दोन-तीन लिटर वाया जाते.

"वाया कशाला जाईल?" आई मध्येच म्हणाल्या. "त्यात मी भांडी घासते. उरलं तर तुळशीला."

स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला दिनदर्शिका टांगली होती. रोजच्या चौकोनात पेन्सिलीने दोन उभ्या रेघा, म्हणजे दोन तांबे. मी त्या पाहतो आहे हे पाहून आई म्हणाल्या, "त्या साली याच खिळ्याला टँकरच्या खुणा करीत होते. आला त्या दिवशी फुली."

त्या साली म्हणजे 2016. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातुरात शिरली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, तीनशेंहून अधिक किलोमीटरांचा प्रवास. लोक स्थानकावर गाडी पाहायला गेले होते, जसे लग्नाचे वऱ्हाड पाहायला जावे. तेव्हा माझा हा विद्यार्थी शाळकरी होता. घरात गोड्या पाण्यातल्या माशांची एक छोटी बरणी होती. एका सकाळी आईने ते मासे शेजारच्या गावच्या विहिरीत सोडून यायला सांगितले आणि बरणी पिण्याच्या पाण्याला घेतली.

"रडला होता," आई म्हणाल्या. "पण काय करावं? माणसाला नव्हतं."

त्यावर कोणी काही बोलले नाही. पाइपाच्या तोंडाशी ते डोळे आपापल्या दिशांना फिरत राहिले.

अंधार पडल्यावर चित्रपट दाखवण्याचा कार्यक्रम झाला. त्याची हकीकत चित्रपटापेक्षाही रंजक. मोबाइल सेकंदाला 240 चित्रे घेतो, म्हणजे एकेक चित्र साधारण चार मिलिसेकंदांचे. सोटेवाल्याचा ठोसा तीन मिलिसेकंदांच्या आत आटोपतो. तो दोन चित्रांच्या फटीतून निसटून जाईल. पण भालेवाले त्या मानाने सुस्त. त्यांच्या एका मोठ्या जातीचा वार मोजला, तो पंचवीस मिलिसेकंदांचा भरला. म्हणजे पाच-सहा चित्रे मिळायला हरकत नाही. एवढ्या आशेवर हा गडी तीन महिने बसला.

वेगवान चित्राला प्रकाश भरपूर लागतो आणि हे जनावर तर रात्री शिकारीला निघणारे. रोज दिवा थोडा थोडा पुढे सरकवून त्याला उजेडाची सवय लावली. घरातल्या विजेच्या दिव्यांनी चित्रात पट्टे उमटू लागले, कारण ते सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि आपल्या डोळ्याला ते कळत नाही. म्हणून दिवा बॅटरीवरचा आणला. काचेत स्वतःचेच तोंड दिसे, त्यावर उपाय आईच्या जुन्या काळ्या लुगड्याचा. आणि मोबाइल ठेवायला ज्वारीच्या पिठाचा डबा.

भिंतीवर चित्र उमटले. काठीला बांधलेला कोळंबीचा तुकडा पाण्यात डुलत होता. पाइपात दोन डोळे. एक चित्र: काही नाही. दुसरे: छातीशी जोडलेले हात किंचित सुटलेले. तिसरे: हात उघडला, आणि आतल्या बाजूला ओळीने सहा दात. चौथे: भाला पाण्यात सरळ. पाचवे: दात तुकड्यात. सहावे: हात पुन्हा जोडलेले, डोळे जागच्या जागी, तुकडा नाहीसा. जणू काही झालेच नाही!

आम्ही ते सात-आठ वेळा पाहिले. तो म्हणाला, "सर, माझ्या वर्गात ऐंशी मुलं आहेत. निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना हे दाखवीन. पण त्याला म्हणू काय? नाव सांगा."

मी पिशवीतून कागद काढला. एस.टी.त बसून जमवलेली नावे मोठ्याने वाचली: "बद्धांजली. शूलहस्त. कृतांजली कोळंबी..."

तो शेवटच्या बाकावरच्या चेहऱ्याने ऐकत होता. आई दारात उभ्या होत्या.

"सर, रानात ते हिरवं असतंय बघा, हात जोडून बसलेलं. खंडोबाचा किडा. हे त्याचंच की! पाण्यातला खंडोबाचा किडा."

ग्रंथातल्या प्रार्थना-कीटकाचे हे नाव माझ्या आजीच्याही तोंडी होते. त्याच दिवशी माळेगावावरून हात जोडून आलो होतो, तरी मला ते आठवू नये! शिकलेल्या माणसाचे असे होते. मी कागदाची घडी घातली. त्याने वहीत लिहून घेतले, 'पाण्यातला खंडोबाचा किडा', आणि त्याखाली मी सांगितलेले एकच विशेषण ठेवले: भालेवाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी होती. निघालो तेव्हा आई पेटीपाशी उभ्या होत्या. सावकाश, वाळू उसळू नये अशा बेताने, त्यांनी दोन तांबे पाणी ओतले, पदराला हात पुसला आणि दारामागे जाऊन पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या.

घरी पोचलो तो सौभाग्यवतींनी विचारले, "पाहिलात समुद्र?"

"पाहिला. सव्वाशे लिटरांचा आहे."

"आणि या उन्हाळ्यात तो आटत नाही?"

"आटतो. रोज दोन तांबे. त्यांच्या आई भरतात."

तिने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी तो खाली थेंब न सांडता प्यालो.